वन राखणे हे एकट्याचे काम नव्हे



मांजरसुंब्याच्या घाटात उभे राहिले की उघडा बालाघाट दिसतो. देशाचा एक-तृतीयांश भूभाग वृक्षांखाली असावा, असे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ठरविले. आपला जिल्हा त्यापासून फार दूर आहे. त्यात पाऊसही लहरी झाला. एकटे वनखाते काय करील? ते रोप लावील. पण पाणी जलसंधारण खात्याने अडवावे, चराईला ग्रामपंचायतीने शिस्त लावावी, वणव्यावर गावाने नजर ठेवावी. शेळीवाल्याला चारा मिळाला तरच रोप वाचेल. बीडजवळ पालवणच्या माळावर वनखाते व लोक एकत्र आले, म्हणून देवराई उभी राहिली. २०२० साली तेथे वृक्षसंमेलनही भरले. ज्या झाडाचे फळ पाखरू खाते, ते लावणे हाही सदका आहे. मुलांनो, उन्हाळ्यात एकेक रोप जगवा, एवढीच विनंती.