पुरापूर्वीची निगा : बचाव बोटीच्या मोटरीचा इंजेक्टर

(राळेगाव, जिल्हा यवतमाळ येथे पावसाळापूर्व प्रशिक्षणवर्गात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



राळेगाव हा कापसाचा तालुका. पाऊस लांबला की येथे चिंता, आणि तो एकदम कोसळला की त्याहून मोठी चिंता. तालुक्याच्या एका अंगाने वर्धा नदी वाहते आणि तिच्या पलीकडे वर्धा जिल्हा सुरू होतो. २०२२ च्या जुलै महिन्यात या नदीच्या पुराने विदर्भातील काठच्या अनेक गावांना वेढले. २२ जुलै २०२३ रोजी याच यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना पाचारण करावे लागले.

परंतु हेलिकॉप्टर हा अखेरचा उपाय होय. पहिला उपाय म्हणजे बोट. २०१६ साली महाराष्ट्रात राज्य आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि त्याच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे ठेवण्यात आल्या. नागपूरहून तुकडी येईपर्यंतचे तास मात्र जवळच्या बोटीने आणि स्थानिक माणसांनीच निभावून न्यावयाचे असतात. त्या तासांत बोट प्रवाहाच्या मध्यावर असताना मोटरीचा जोर ओसरला, तर वाचविणारेच संकटात सापडतात. यास्तव बोट किती आहेत यापेक्षा मोटर पूर्ण ताकदीने चालते काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

उभ्या मोटरीचा आजार

शेतावरचे इंजिन वापराने झिजते. बचाव बोटीची मोटर मात्र बहुधा उभ्या उभ्याच बिघडते. पावसाळ्यात चार दिवस धावते आणि उरलेले वर्ष गोदामात पडून राहते. टाकीत व नळीत राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो.

त्यात आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर वाढले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. अर्थात मोटरीला प्रथम मिळते ते पेट्रोल नव्हे, तर हे तळाचे पाणीदार मिश्रण.

फवाऱ्याची धार होते तेव्हा

जुन्या मोटरींत कार्ब्युरेटर असतो. नव्या फोर-स्ट्रोक मोटरींपैकी पुष्कळांत त्याची जागा इंजेक्टरने घेतली आहे. आपल्याकडील मोटर कोणत्या प्रकारची आहे, हे सर्वप्रथम पाहावे.

इंजेक्टर समजावून घेण्यासाठी कपाशीवरील फवारणी पंप डोळ्यांपुढे आणावा. नोझल स्वच्छ असेल तर औषधाचे धुके पडते. त्यात कण अडकला की धुक्याऐवजी वाकडी धार पडते. इंजेक्टर हाही असाच नोझल आहे. फरक इतकाच की, त्याचे तोंड विजेच्या इशाऱ्याने उघडते व मिटते. मिनिटाला ५,५०० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटरीत प्रत्येक दोन फेऱ्यांमागे एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ वेळा त्याला इंधन सोडावे लागते. अशा कामात केसाएवढा थरही पुरेसा अडथळा करतो.

मग मोटर लवकर सुरू होत नाही, संथ चालताना थरथरते, वेग वाढविताना अडखळते आणि पूर्ण वेग गाठीत नाही. गळणाऱ्या इंजेक्टरमुळे काळा धूर येतो व इंधन अधिक जळते. तुंबलेल्या इंजेक्टरमुळे त्या सिलिंडरला इंधन कमी पडते. तशीच मोटर जोरात रेटली तर पिस्टन तापून कायमची हानी होऊ शकते.

आधी सोपे, मग अवघड

मोटरीचा जोर कमी झाला की दोष इंजेक्टरचाच, असे मानून खर्चात पडू नये. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, तरी मोटर थोड्याच वेळात मरते. नळीला पीळ पडला आहे काय, इंधन पुढे ढकलणारा रबरी फुगा दाबल्यावर घट्ट होतो काय, पाणी अलग करणाऱ्या फिल्टरात पाणी साचले आहे काय, प्लग काळे किंवा ओले आहेत काय, पंख्यात दोरी अथवा झाडपाला गुंतला आहे काय, हे क्रमाने पाहावे. यांतील पुष्कळ दोष गावातला जाणता मेकॅनिकही तासाभरात दूर करू शकतो. जुने पेट्रोल काढून, फिल्टर बदलून, ताजे इंधन भरल्यानंतरही लक्षणे कायम राहिली, तरच इंजेक्टर काढावा.

साफसफाईची रीत

इंजेक्टर ही वस्तू येथील शेतकऱ्याला अगदीच परकी नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या आणि २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मायको कंपनीचे डिझेल पंप व नोझल कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहेत. पण येथेच एक सावधगिरी हवी. डिझेल नोझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-दोनशे किलोंहून अधिक दाब लागतो, तर बोटीच्या मोटरीतील सर्वसाधारण पेट्रोल इंजेक्टर अडीच ते तीन किलोंच्या आसपास काम करतो. म्हणून डिझेल नोझल तपासण्याच्या हातपंपावर तो कदापि लावू नये. हे काम इंधन-इंजेक्शनच्या मोटारसायकली वा मोटारींचे इंजेक्टर तपासणाऱ्या कार्यशाळेकडे किंवा मोटर कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

काम देणाऱ्याने काय मागावे, हेही माहीत असले पाहिजे. काम मोकळ्या हवेत, थंड मोटरीवर, बॅटरी सोडवून आणि इंधनाचा दाब उतरवून व्हावे. कोणता इंजेक्टर कोणत्या सिलिंडरचा, याची खूण करावी. प्रत्येकाच्या वेटोळ्याचा विद्युत-रोध मोजून तो कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. नंतर सर्व इंजेक्टर एकाच यंत्रावर लावून, ठराविक वेळात प्रत्येकातून किती इंधन पडते हे मापाच्या नळ्यांत पाहावे. फवारा कसा पडतो आणि बंद स्थितीत थेंब गळतो काय, हेही पाहावे. अल्ट्रासॉनिक कुंडात स्वच्छता झाल्यावर हीच मोजणी पुन्हा करावी. आधीचे व नंतरचे आकडे लिहून घेतल्याशिवाय देयक मंजूर करू नये. नळ्यांतील पातळी सारखी झाली नाही, तर तो इंजेक्टर बदलणे हाच मार्ग.

छिद्रात तार किंवा सुई घालणे म्हणजे इंजेक्टर कायमचा निकामी करणे होय. परत बसविताना रबरी ओ-रिंगा नव्याच घालाव्यात, कारण जुनी रिंग गळली तर तापलेल्या मोटरीवर पेट्रोल पडते आणि आगीचा धोका उद्भवतो. इंजेक्टरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी आणि मोटरीतील इंधन-फिल्टर हेही त्याच वेळी बदलावेत. अन्यथा तीच घाण पुन्हा वाहत येईल.

परीक्षा पाण्यावर

दुरुस्तीनंतर मोटर गोदामात दोन मिनिटे घुरघुरली म्हणजे ती तयार झाली, असे नव्हे. पाण्यावाचून तर ती मुळीच चालवू नये. थंड पाणी खेचणारे रबरी चक्र कोरडे फिरून अल्पावधीत खराब होते. बोट तलावात उतरवावी, मान्य क्षमतेइतक्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या तीत ठेवाव्यात, चालविणाऱ्यांनी जीवरक्षक जाकीट घालावे आणि पूर्ण वेगावर मिनिटाला किती फेरे होतात ते मोजावे. कंपनीने दिलेल्या मर्यादेत आकडा बसला, तरच मोटर सज्ज समजावी.

मात्र सज्ज मोटर म्हणजे अधिक माणसे भरण्याचा परवाना नव्हे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात याच वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांना प्राणास मुकावे लागले. क्षमतेचा आकडा बोटीवर ठळक रंगविणे आणि तो पाळणे, ही निगेचीच पुढची पायरी आहे.

नोंद आणि जबाबदारी

या सर्वांहून स्वस्त उपाय म्हणजे इंजेक्टर तुंबूच न देणे. पावसाळा संपताच मोटर स्वच्छ पाण्यावर चालवून आतील गाळ धुऊन काढावा. टाकी व मोटरीतील इंधन पुस्तिकेप्रमाणे काढून टाकावे आणि मोटर उभी ठेवावी. महिन्यातून एकदा ताज्या पेट्रोलवर, पाण्याची सोय करून, ती पंधरा मिनिटे चालवावी. इंधनाच्या डब्यावर खरेदीची तारीख लिहावी.

१ जूनपासून नियंत्रण कक्ष सुरू होतात. त्यापूर्वी, मे महिन्यातच पाण्यावरची परीक्षा झाली पाहिजे, म्हणजे दोष आढळल्यास सुटा भाग मागविण्यास अवधी राहील. तहसील कार्यालयाने प्रत्येक मोटरीची वही ठेवावी; नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी परीक्षेच्या दिवशी हजर राहून त्या वहीवर सही करावी. विज्ञान शिक्षकांनी फवारणी पंपाच्या नोझलमधून स्वच्छ पाणी सोडून धुके व धार यांतील भेद विद्यार्थ्यांना दाखवावा. घरोघरी ही गोष्ट त्यांच्याच तोंडून पोचेल.

यादीत ‘बोट : एक, सुस्थितीत’ असे लिहिणे सोपे आहे. पुराच्या रात्री छपरावर बसून वाट पाहणाऱ्या कुटुंबाला त्या शब्दांचा खरेपणा कळतो. तो खरेपणा वैशाखाच्या उन्हात, पाना हातात घेऊन सिद्ध करावयाचा असतो.