विद्यापीठाचे दार आणि धर्मप्रचार



मुलगा शिक्षणासाठी वसतिगृहात राहू लागला की ख्रिस्ती प्रचारक त्याचे मन वळवतील, अशी धास्ती आपल्यातील काही आईबाप बोलून दाखवितात. सरकारने अशा प्रचारकांना विद्यापीठाचे दारच बंद करावे, असेही कित्येकांस वाटते. मी वकील आहे. म्हणून हा प्रश्न न्यायनिवाड्यांच्या आधारे आपणापुढे मांडतो.

अमेरिकेत शासन आणि धर्म यांची फारकत घटनेनेच केलेली आहे. तिचा आधार घेऊन कॅन्सस सिटी येथील मिसुरी विद्यापीठाने, आपल्या इमारतीत उपासना व धर्मोपदेश नको, असा नियम केला आणि ‘कॉर्नरस्टोन’ या ख्रिस्ती विद्यार्थिमंडळास सभेची जागा नाकारली. विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की शंभराहून अधिक मंडळांना जागा देणाऱ्या विद्यापीठास, केवळ धर्माविषयी बोलते म्हणून एका मंडळास वगळता येणार नाही. सर्वांसारखी जागा दिल्याने शासन त्या धर्माचे ठरत नाही.

परंतु या हक्कालाही मर्यादा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयाची अट होती, की मान्यताप्राप्त मंडळाचे दार सर्व विद्यार्थ्यांस खुले असावे. ख्रिस्ती मंडळाने, श्रद्धेच्या निवेदनावर सही करील तोच सभासद, असा आग्रह धरला व अटीतून सूट मागितली. २०१० साली न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती नाकारली. समान संधी मिळेल, खास सवलत मिळणार नाही, असा या दोन निवाड्यांचा मथितार्थ आहे.

परक्या देशातील या खटल्यांशी आपला संबंध काय, असे आपण विचाराल. आपल्या घटनेचे २५ वे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य व धर्मप्रचाराचा हक्क देते. मात्र १९७७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे ठरविले. पुढे २०२४ साली गुजरात सरकारच्या परिपत्रकाने बजावले, की हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात येण्यासही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. मिशनऱ्यांना अडविण्यासाठी घातलेले कुंपण आपल्याच वाटेत कसे येते, हे यावरून ध्यानी घ्या.

तेव्हा दार बंद करण्याची मागणी आपण करू नये. जबरदस्ती वा फसवणूक झाली तर अवश्य कायद्याकडे जावे. सरकारमान्य अथवा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यास त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून उपासनेस बसविता येत नाही, हे २८ वे कलम प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. पण केवळ युक्तिवाद झाला, तर त्याचे उत्तर युक्तिवादानेच दिले पाहिजे.

ते उत्तर आपल्या मुलांपाशी आहे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी बुद्धाचाच धम्म का स्वीकारला, हे आपण त्यांना घरी बसवून सांगितले आहे काय? त्यांच्या शंकांना रागावून गप्प केलेत, तर ती मुले उत्तरासाठी दुसरे दार ठोठावतील आणि तो दोष त्या दाराचा नसेल. तपासून घेतल्यावाचून काही स्वीकारू नका, असे सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. चर्चेचे भय आपणांस शोभत नाही.

जय भीम.