पहिल्या पगारातले २०० रुपये



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना थोड्याच दिवसांत पहिला पगार मिळेल. पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कराची २०० रुपयांची कपात असेल, फेब्रुवारीत ३०० रुपयांची. वर्षाचे २,५०० रुपये. (महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या मुलींना हा कर माफ आहे.) हे पैसे मुळात कशासाठी घेतले गेले, ते आज सांगायचं आहे.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेली. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी असावी, हा विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह त्याआधीचा. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोगही झाला होता. पण मजुरी द्यायची कुठून? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुरासाठी हा कर द्यायचा, रोजगार हमीसाठीच्या अशा करांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. १९७७ मध्ये कामाची हमीही कायद्याने दिली. देशाचा रोजगार हमी कायदा आला तो २००५ मध्ये.

त्या पिढीने खर्चाचं वचन देताना तो कोण सोसणार हेही उघड सांगितलं. मला याचं फार मोल वाटतं, कारण आज तसं होत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये धरली होती. म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चासाठीही कर्ज काढायचं. एकट्या लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६,००० कोटींची होती. महिन्याचे १,५०० रुपये गरीब घरातल्या बाईच्या हाती पडावेत, हे मला मनापासून पटतं. मात्र त्यासाठी कर कोणावर, हे कोणी बोललं नाही. एकूण कर्ज नऊ लाख कोटींपलीकडे गेलं आहे आणि त्याचे हप्ते तुमच्या कमाईच्या वर्षांत फेडायचे आहेत.

राज्याच्या हाती कर तरी किती उरले? जुलै २०१७ पासून जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. त्यापोटी केंद्राकडून राज्यांना मिळणारी हमीची भरपाई जून २०२२ मध्ये संपली. राहिला पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर. व्यवसाय कराला तर राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, ती १९८८ पासून तशीच आहे. त्यामुळे महिना पंधरा हजार मिळवणारा तरुण आणि पाच लाख मिळवणारा अधिकारी सारखाच कर भरतात. हे अन्यायाचं आहे. संसदेने ही मर्यादा वाढवलीच पाहिजे.

राज्याचा अर्थसंकल्प मराठीत उपलब्ध असतो. येत्या वर्षी तो वाचा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: तुमच्या योजनेचा पैसा कोणत्या करातून येणार?