एकच जोड, चार जमिनी

आज बुटांबद्दल बोलायचंय. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बूट निवडणं आता फार अवघड राहिलेलं नाही, दुकानातला मुलगाही दोन प्रश्न विचारून बरा जोड काढून देतो. पण शर्यत क्रॉस-कंट्रीची असेल तर? थोडं डांबर, थोडं गवत, मध्येच मुरूम, एखादा कातळाचा चढ आणि शेवटी चिखल. वाटेत थांबून बूट बदलता येत नाहीत. सुरुवातीला जो पायात घातला, तोच शेवटपर्यंत.

मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं बंगळूरला बसवनगुडीत राहते. सकाळी धावणाऱ्यांचा आमचा एक लहानसा गट आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन आयटीवाले, आम्ही तिघी बायका, आणि हल्ली शाळेतली काही मुलं. मुलं यायला लागली तेव्हा बुटांचा विषय खरा गंभीर झाला. मोठ्यांच्या कपाटात चार जोड असतात, आवडला नाही तर पाचवा येतो. मुलांकडे एकच असतो.

आधी आमची जमीन सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. गांधी बाजारातून निघालं की डांबर आणि ग्रॅनाइटच्या लाद्यांचे फुटपाथ. पाच-दहा मिनिटांत बुगल रॉक येतो. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच कालचं पोर! लालबागेतला मोठा खडक याच जातीचा. त्याला नाइस म्हणतात. तो दाणेदार आणि खरखरीत असतो. कोरडा असताना त्यावर कुठलाही रबरी तळ चिकटतो, पण पावसात शेवाळ धरलं की फार थोडे बूट टिकतात. लालबागेत पश्चिमेच्या फाटकातून शिरलं की डांबरी वाटा, त्यांच्या कडेला लाल माती, तळ्याकाठी ओल. आणि खरी कसोटी हवी असेल तर दहा-बारा किलोमीटरवर तुरहळ्ळीचं रान आहे, तिथे सुटे दगड आणि घसारा दोन्ही मिळतं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. त्या दिवसांत रस्ताभर टरफलं असतात आणि त्यांवरून धावणं म्हणजे गोट्यांवरून धावणं. तो पाचवा प्रकार मी मोजत नाही.

आता मुद्दा. लोक विचारतात, "वाटेत सगळ्यात जास्त काय आहे? डांबर? मग डांबराचे बूट घ्या." मला हे पटत नाही. पडण्याची जागा कुठे आहे, ते आधी बघावं. आठ किलोमीटरची शर्यत धरा. त्यात पाच किलोमीटर डांबर किंवा घट्ट माती, अडीच किलोमीटर गवत आणि अर्धा किलोमीटर ओला उतार. रानातला बूट घालून डांबरावर धावलात तर दर किलोमीटरला काही सेकंद जातील, टाचेखाली थोडं टणक लागेल, एवढंच. रस्त्याचा गुळगुळीत तळ घेऊन त्या ओल्या उतारावर गेलात तर मात्र घोटा मुरगळेल आणि सहा आठवडे घरी बसाल. दोन्ही तोटे एका तराजूत घालता येत नाहीत. म्हणून माझा कल नेहमी वाईट तुकड्याकडे असतो. तो वाईट तुकडा चालत पार करण्याइतका छोटा असेल आणि चालायची तुमची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी.

बूट उलटा करून बघा. तळाला जे उंचवटे असतात त्यांना आम्ही दात म्हणतो. दोन मिलिमीटरचे दात रस्त्याला आणि कोरड्या पायवाटेला ठीक. मिश्र वाटेला तीन ते चार मिलिमीटर. सहा आणि त्याहून जास्त हे निव्वळ चिखलासाठी, कारण डांबरावर ते वळतात, झिजतात आणि पायाला खडे टोचल्यासारखे लागतात. उंचीइतकंच दातांमधलं अंतर महत्त्वाचं. बंगळूरची लाल माती ओली झाली की चिकट होते. दात दाटीवाटीने असतील तर फटी मातीने भरतात आणि शंभर पावलांत तुमच्या पायाखाली मातीचा सपाट गोळा तयार होतो. दात विरळ असले की माती आपोआप गळून पडते.

कातळावर मात्र दातांचा उपयोग नाही. तिथे कामाला येतं ते रबर. मऊ रबर खडकाच्या दाण्यांत बसतं, कडक रबर वरून सरकतं. नखाने दाबून बघा, थोडं दबलं पाहिजे. आणखी एक युक्ती सांगते, दुकानदार हसला तरी हसू द्या. फरशीवर थोडं पाणी टाकायला सांगा आणि एका पायावर पुढे रेटा देऊन बघा. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ते अर्धं मिनिट जास्त सांगून जातं.

महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही विचारा, ॲक्शन ट्रेकिंगचे बूट त्याने स्वतः वापरलेले असतात किंवा मित्राच्या पायात पाहिलेले असतात. दिसायला साधे, किमतीला परवडणारे, पण कातळावर पकड पक्की. हे बूट धावायला घ्यावेत का, असं मला पुष्कळजण विचारतात. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेवर, जिथे निम्मा वेळ चालायचंच आहे, तिथे जरूर विचार करा. चार-पाच किलोमीटर जोरात धावायचं असेल तर नको, जड पडतात आणि पुढच्या बाजूला पुरेसे वाकत नाहीत.

आता उलट टोक. जाड फोमचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमात रस्त्याच्या बुटाच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत चालते. सरळ रस्त्यावर हे बूट भन्नाट आहेत, मी स्वतः वापरते. पण जमिनीपासून चार सेंटीमीटर उंचावर मऊ गादीवर उभं राहून तिरप्या उतारावर वळायचं, हे घोट्यावर अन्याय करणं आहे. मिश्र वाटेला पाऊल जमिनीच्या जितकं जवळ, तितकं बरं.

आणि स्पाइक्स? टीव्हीवर जागतिक क्रॉस-कंट्री बघता तेव्हा बहुतेकांच्या पायात खिळ्यांचे बूट दिसतात. २०१९ साली डेन्मार्कमध्ये आऱ्हुसला तर ही शर्यत एका संग्रहालयाच्या गवताळ उतरत्या छतावरून नेली होती! तिथे खिळे हवेतच. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा साधारणपणे ९ मिलिमीटरपर्यंत चालतो, इतर जमिनीवर नियम २५ पर्यंत मुभा देतो. पण वाटेत डांबराचा किंवा उघड्या खडकाचा तुकडा असेल तर खिळ्यांचा विचार सोडून द्या. खिळा दगडात रुतत नाही, त्यावरून घसरतो.

अनवाणी धावण्याबद्दल विचारलं की लोक अबेबे बिकिलाचं नाव घेतात. १९६० मध्ये रोमला तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे खरंच आहे. पण १९६४ ला टोकियोत तो बूट घालून जिंकला, ते कुणी सांगत नाही. बीडच्या मांडव्याचा आपला अविनाश साबळे घ्या. सैन्यात गेल्यावर २०१५ पासून तो क्रॉस-कंट्री धावायला लागला, नंतर स्टीपलचेसकडे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. रानातल्या शर्यतीतून केवढी मजल मारता येते त्याचं हे उदाहरण. ज्या मुलांना अनवाणी सवय आहे त्यांनी गवतावर सराव करावा, पाय मजबूत होतात. काचा आणि खिळे पडलेल्या शहराच्या जमिनीवर शर्यतीला उतरताना मात्र मी त्यांना बूट घालायला लावते.

मागच्या वर्षी जूनमध्ये आमच्या गटातल्या एका मुलीची आई आली. मुलगी दहावीत. जिल्ह्याच्या शर्यतीत पहिल्या सहांत आली तर अकरावीला खेळाच्या कोट्यातून प्रवेशाची आशा होती. आई म्हणाली, "अक्का, अडीच हजार जमवलेत. आत्ता चुकलं तर वर्षभर दुसरा जोड नाही." हे ऐकल्यावर मी दुकानाचं नावच काढलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही तिघी शर्यतीच्या मैदानावर गेलो आणि सगळी वाट चालून आलो. चार किलोमीटरमध्ये डांबर जेमतेम तीनशे पावलं. बाकी मुरूम आणि गवत, आणि एका ओढ्याकडे उतरणारी साठेक पावलांची चिकट मातीची उतरण. तिच्या शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांनी ती उतरण तिने मला उतरून दाखवली. दोनदा हात टेकले.

मग काय हवं ते ठरलं. साडेतीन-चार मिलिमीटरचे विरळ दात, पातळ फोम, मऊ रबर. रंग कुठलाही. नवीन मॉडेल आलं की मागच्या वर्षीचं उतरत्या किमतीला मिळतं, तसं शोधलं. दुकानात संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे तिचे रोजचेच घातले. उतारावर पाय पुढे सरकतो, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली, नाहीतर नखं काळी पडतात. एक गोष्ट बायकांनी आणि मुलींनी लक्षात ठेवावी. पुष्कळ बूट पुरुषांच्या पायाच्या साच्यावरून बेतलेले असतात. आपली टाच अरुंद आणि पंजा त्यामानाने रुंद, त्यामुळे टाच आत हलते. बुटाला वरचं एक जादा भोक असतं, त्यातून नाडीचा फास करून बांधली की टाच घट्ट बसते. तरीही हलत असेल तर तो बूट ठेवून द्या. आम्ही चौथा जोड घेतला, दोन हजार तीनशेला. शाळेला मात्र ती जुनाच कॅनव्हास घालून जात राहिली, नवे दात रस्त्यावर झिजवायचे नाहीत हे तिनेच ठरवलं.

शर्यतीआधी सहा आठवडे मिळाले. पहिला आठवडा नुसतं चालणं, मग आठवड्यातून दोनदा तुरहळ्ळीच्या वाटेवर. गंमत म्हणजे शर्यतीच्या दिवशी कडक ऊन पडलं आणि ती चिकट उतरण वाळून भुसभुशीत झाली होती. तिथे समोरच्या दोघी टाचा रोवत जपून उतरल्या, ही सरळ पळत गेली. पाचवी आली.

जोड टिकवायचा असेल तर घरी आल्यावर माती ओली असतानाच ब्रशने काढा, वाळली की रबराला धरून बसते. मशीनमध्ये घालू नका, गरम पाण्याने डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, दोन तासांनी कागद बदला. उन्हात ठेवलेलं रबर कडक होतं, आणि कडक रबर कातळावर काय करतं ते मघाशी सांगितलंच.