सायकल आपल्या मापाची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना गाळलेला काही भाग येथे घातला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला 'पंचवीस वर्षांचा जमाखर्च' असा विषय दिला होता. पण नऊ वर्षे खजिनदार म्हणून मी तुम्हाला जमाखर्चच ऐकवत आलो आहे आणि दरवर्षी तिसऱ्या पानानंतर कोण कोण डुलकी घेतं हेही मला मंचावरून दिसत असतं. म्हणून आज सायकलीवर बोलतो. शेवटी एक मागणी आहे. ती शेवटपर्यंत थांबणाऱ्यांनाच कळेल.

मी बँकेत लागलो १९७३ साली. मंगळवार पेठेत राहायला होतो आणि शाखा लक्ष्मीपुरीत. मिरजकर तिकटी, बिंदू चौक, की आली बँक. पुढच्या वर्षी मी नवी काळी सायकल घेतली. सायकलीच्या सांगाड्याची मापं असतात, वीस इंची, बावीस इंची, चोवीस इंची. माझी उंची पाच फूट पाच इंच. मला बावीस इंची पुरली असती. पण आमच्या हेडकॅशियरांकडे चोवीस इंची होती, म्हणून मीही चोवीस इंचीच घेतली. दुकानदार म्हणाला, "साहेब, उंच पडंल." मी म्हटलं, "चालतंय." असं करत ती चूक अठ्ठेचाळीस वर्षं चालवली. सिग्नलला थांबलो की एका पायाचा अंगठा कसाबसा टेकायचा. पण टांग मारून ऐटीत बसता येतंय ना, मग बाकीचं कोण बघतो?

त्या काळी कोल्हापुरात सायकल बघून माणसाचा धंदा ओळखता यायचा. गंगावेशीत दूध घेऊन येणाऱ्या गवळ्याच्या सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या, त्यासाठी जाड सळीचं कॅरिअर आणि भक्कम दोन पायांचा स्टँड. पाववाल्याच्या मागे पत्र्याची पेटी. धारवाला तर सायकल स्टँडवर लावायचा, उलट बाजूला तोंड करून बसायचा आणि पायडल मारून सहाण फिरवायचा. विळी-कात्रीला धार लागायची आणि आम्ही पोरं ठिणग्या बघत उभी. ही माणसं काही शिकलेले इंजिनिअर नव्हती. आपल्याला रोज काय वाहायचं आहे, कुठल्या रस्त्यानं जायचं आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं आणि तशी त्यांनी सायकल करून घेतली होती. आम्ही पांढरपेशे मात्र दुकानात जशी मिळाली तशीच चालवत राहिलो.

आता मुद्द्यावर येतो. २०२२ सालच्या एका रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून भाजी घेऊन येत होतो. भरलेली पिशवी हँडलला अडकवली होती. उड्डाणपुलाच्या उतारावर पिशवी झुलली, पुढच्या चाकाच्या तारांत गेली, चाक जागेवर थांबलं आणि मी हँडलवरून पुढे. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. पुण्याहून चिरंजीव आले आणि त्यांनी निकाल दिला, "बाबा, सायकल आता बंद." मी एकाहत्तर वर्षांचा. वाद घालायला तोंड नव्हतं. काळी सायकल विकून टाकली.

सायकल गेली आणि माझं बाहेर जाणंच गेलं. गाडी मला येत नाही. रिक्षा करून कितीदा जाणार? करवीर नगर वाचन मंदिरात रोजचं पेपर-मासिकं वाचणं सुटलं, रंकाळ्यावरचे मित्र सुटले. औषधाच्या एका पट्टीसाठीसुद्धा कुणाला तरी सांगायचं. तरुणांना हे कळणार नाही, पण माझ्या वयाच्या मंडळींना कळेल. सांगायला लागणं फार जड असतं.

त्याच सुमारास कमिटीत पार्किंगचा विषय निघाला. जिन्याखाली आणि मागच्या भिंतीला जुन्या सायकली गंजत पडल्या होत्या, त्या हटवून दोन चारचाकींची जागा करायची. खजिनदार म्हणून यादी मीच केली आणि नोटीसही माझ्याच सहीची. पंधरा दिवसांत हक्क न सांगितल्यास सायकली भंगारात देण्यात येतील. एकूण नऊ सायकली. बँकेत आम्ही निष्क्रिय खात्यांची यादी करायचो, तशीच व्यवस्थित केली. क्रमांक, वर्णन, मालक.

नोटीस बोर्डावर लागली त्या दिवशी सौ. खाली फिरायला गेली होती. वर आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "सहा नंबरची माझी आहे."

मी यादी काढली. सहा नंबरला लिहिलं होतं, 'लेडीज, हिरवी, टायर नाहीत. मालक : अज्ञात.'

मंडळी, ती सायकल तिनं १९८८ साली स्वतःच्या पगारातून घेतली होती. चोवीस वर्षं त्या सायकलवरून ती राजारामपुरीतल्या शाळेत गेली. पावसात रेनकोट घालून, मागे वह्यांचा गठ्ठा बांधून. २०१२ साली निवृत्त झाली आणि सायकल जिन्याखाली उभी राहिली. दहा वर्षं मी त्याच जिन्यानं खाली-वर केलं. आणि मी लिहिलं, मालक अज्ञात. ती एवढंच म्हणाली, "हिशेबात चूक झाली तुमच्या." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सायकल ढकलत आमच्या मिस्त्रींकडे नेली. म्हटलं, दुरुस्त करून ठेवू, निदान तिचं मन राहील. मिस्त्रींनी सायकलकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. म्हणाले, "साहेब, ही तुम्हीच चालवा की." मी म्हटलं, "लेडीज सायकल?" त्यावर ते म्हणाले, "तुमचा पाय नळीवरनं पलीकडं जाईना झालाय, ह्याला नळीच न्हाई. आनि लेडीज म्हंजे काय हो, चेन काय येगळी फिरती?"

तरी महिनाभर मी सकाळी सहाच्या आत, कुणी बघायच्या आधी चालवून येत होतो. खोटं कशाला सांगू? पुढे पुतण्यानं हॉलंडमधून फोटो पाठवला. तिथं असल्या बिननळीच्या सायकलीला 'ओमाफिट्स', म्हणजे आजीची सायकल म्हणतात आणि त्यावरून पुरुषही खुशाल फिरतात. तेव्हा धीर आला. आता आठ वाजताही जातो.

ती सायकल आम्ही माझ्या मापाची कशी केली, ते क्रमानं सांगतो. सभासदांपैकी कुणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट सीट. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी, गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि लोक दोष वयाला देतात. माझ्यासारख्यानं त्या मापापेक्षा बोटभर खाली ठेवावी, म्हणजे थांबल्यावर दोन्ही चवडे जमिनीला टेकतात.

दुसरं हँडल. पाठ ताठ राहील इतकं वर घ्यावं. पण त्याच्या दांड्यावर खूण असते, तिच्यावर कधीही काढू नये. निदान अडीच इंच दांडा आत राहिलाच पाहिजे, नाहीतर हँडल हातात येईल.

तिसरी गोष्ट आपल्या सोसायटीसाठी सर्वांत महत्त्वाची. आपण टेंबलाईच्या बाजूला राहतो. गावात जाताना उतार, येताना चढ, आणि तोही भाजी घेऊन. गिअरची सायकल घ्या म्हणून सगळे सांगत होते. मिस्त्रींनी पुढच्या चक्राचे दात मोजले, चव्वेचाळीस. मागच्या फ्रीव्हीलचे अठरा. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक सुमारे अडीच वेळा फिरणार, सायकल पाच मीटर जाणार. त्यांनी मागे बावीस दातांचं फ्रीव्हील बसवलं आणि चेनीत दोन कड्या वाढवल्या. आता एका फेऱ्यात चाक बरोबर दोनदा फिरतं, सायकल चार मीटर जाते. वेग पाचव्या हिश्शानं कमी झाला आणि पायावरचा जोरही तितकाच कमी. हा व्यवहार कुठल्याही बँकरला पटेल. मला कुठं मस्टर गाठायचं आहे?

चौथं ओझं. हँडलला पिशवी अडकवायची नाही, हे मी मनगट मोडून शिकलो आहे. तुम्ही फुकटात शिका. वजन मागे आणि खाली असावं. ताडपत्रीच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना. चालवताना टाच लागू नये म्हणून त्या थोड्या मागे सरकवल्या. कॅरिअरला उद्यमनगरातल्या वेल्डरकडून दोन सळ्यांचा आधार लावून घेतला. आणि गंमत बघा, मागच्या चाकावर जी जाळी असते, साडी तारांत जाऊ नये म्हणून, ती आम्ही काढणार होतो. मिस्त्री म्हणाले, "राहू दे." चोवीस वर्षं जिनं हिची साडी सांभाळली, तीच जाळी आता माझी भाजीची पिशवी सांभाळते.

पाचवं ब्रेक. रबरं दर पावसाळ्याआधी बघावीत. आपल्या जुन्या सायकलींच्या रिम लोखंडी, चकचकीत मुलाम्याच्या. त्या भिजल्या की ब्रेक निम्मासुद्धा लागत नाही. पावसात बरंच आधीपासून हलका ब्रेक धरावा, रिम पुसली जाते, मग तो पकडतो. उतारावर एकट्या पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवू नये. मडगार्डला खाली रबराचा तुकडा लावला की चिखल पायावर येत नाही. भिजून आलात की चेन पुसून तेलाचे चार थेंब. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग, चाकाला आउट असेल तर तोही काढून घ्यावा.

सहावं दिवा. जुन्या डायनामोचा दोष असा, की चौकात थांबलो, की दिवा गेला. नेमकं तेव्हाच दिसायला हवं असतं. आता बॅटरीचे दिवे मिळतात. पुढे पांढरा, मागे लाल. संध्याकाळच्या सायकलस्वाराला मागचा लाल दिवा पुढच्यापेक्षा जास्त गरजेचा आहे. आणि हवा दर आठवड्याला. किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं.

एवढं सगळं झाल्यावर सौ. खाली बघायला आली. सायकलभोवती एक चक्कर मारली. सीट दाबून बघितली, पिशव्या उघडून बघितल्या. म्हणाली, "घंटी कुठाय?" खरंच, घंटी राहिलीच होती. तिला आता गुडघ्यांमुळे चालवता येत नाही. पण मी गेटातून आत येताना घंटी वाजवतो आणि वर गॅस पेटतो. चिरंजीवांची समजूतही तिनंच घातली. ते मला जमलं नसतं.

आता त्या नऊ सायकलींचा हिशेब द्यायला हवा. नोटीस मी मागे घेतली. एक आमची. तीन सभासदांनी ओळखल्या आणि घरी नेल्या, पैकी दोन चालू आहेत. दोन मालकांच्या संमतीनं दुरुस्त करून दिल्या. एक आपल्या वॉचमनच्या मुलाला, तो आता आय.टी.आय.ला वेळेवर पोहोचतो, आणि एक दोन विंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला. उरलेल्या तिघींचे सांगाडेच सडले होते, त्या भंगारात गेल्या. त्याची पावती फाइलला आहे.

तुम्हाला २०१९ चा महापूर आठवत असेल. महामार्ग पाण्याखाली गेला, पेट्रोल आणि दूध दोन्हींची चणचण झाली. त्या आठवड्यात आपल्या साऱ्या सोसायटीत चालणारी सायकल एकच होती. माझी, चोवीस इंची, काळी. दुधाच्या पिशव्या आणि औषधं तिच्यावरूनच आली. आणि तीन वर्षांनी त्याच सोसायटीच्या खजिनदारानं सायकली भंगारात काढायची नोटीस लावली. म्हणून ही गोष्ट मी आज सगळ्यांसमोर सांगतोय, ती कबुलीजबाब म्हणून समजा.

आता मागणी. मागच्या भिंतीलगत एका चारचाकीच्या जागेत आठ सायकली सुखानं उभ्या राहतात, मी टेपनं मोजलं आहे. तिथं वर पत्रा आणि खाली कुलूप लावता येईल असा लोखंडी पाइप, एवढंच करायचं. सायकल जिन्याखाली अडगळीत पडली की तिच्यावरून कुणी जात नाही, हाताशी आणि कोरडी राहिली तर जातो. चारचाकीवाल्यांची एक जागा जाईल, हे मला माहीत आहे. कोण नाराज होणार तेही माहीत आहे, समोरच बसले आहेत! तरी येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मी मांडणार. अनुमोदक हवा आहे.

एक उभा पंप मी आणून सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. कुणीही वापरावा. त्याचा खर्च हिशेबात शोधू नका, सापडणार नाही. सौ.नं दिला आहे आणि तिनं बजावलंय, की या वेळी मालकाच्या रकान्यात नाव नीट लिहा.