फुलाला हात लावून पाहा



पुण्याहून रेल्वेनं सोलापूरकडे निघालं, की जेऊरनंतर आणि कुर्डुवाडीच्या आधी केम स्टेशन लागतं. करमाळा तालुक्यातलं हे आमचं गाव उत्तरेश्वराचं आणि कुंकवाचं. मी इथे बायकांना हस्तकला शिकवते. संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. त्यासाठी हातानं निमंत्रणाची कार्डं करायची, आणि त्यावर कुंकवाची उठावाची फुलं काढायची, ती कशी ते आज सांगते.

उठावाचं फूल म्हणजे डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळ्या कळाव्यात, असं फूल. त्यासाठी कागद जाड आणि जरा खरबरीत हवा. हातकागद उत्तम. पुण्याची हातकागद संस्था गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली सुरू झाली. तो नाही मिळाला, तर जुन्या जाड लग्नपत्रिकेची कोरी बाजू घ्या.

आता लगदा. सुताराकडून लाकडाचा भुसा आणा आणि पातळ कापडातून गाळून घ्या. जेवढा भुसा तेवढाच फेविकॉल घालून श्रीखंडाइतका दाट कालवा. मी पहिल्या वर्षी भुशाऐवजी रवा घातला होता. फुलं दिसायला छान झाली, पण पावसाळ्यात त्यात किडे पडले आणि उरलेली सगळी कार्डं फेकावी लागली.

पेन्सिलीनं फूल काढून पाकळीवर लगद्याचा पातळ थर द्या. पाच-दहा मिनिटांनी तो जरा आळला, की कंगव्याचे दात टोकाकडून मध्याकडे ओढा. शिरा उमटतात. जास्वंदीसाठी मलमलीचा तुकडा हलकेच दाबून उचला, म्हणजे पाकळीला विणीसारखा पोत येतो. झेंडूसाठी मेंदीच्या कोनातून ठिपक्याला ठिपका लावत आत या. जाडी हवी असेल तर पहिला थर रात्रभर वाळू द्या, मग दुसरा द्या. एकदम जाड थापलं, की भेगा पडतात आणि कार्ड वाकतं.

रंग सगळ्यात शेवटी. वाळलेल्या पाकळीवर ब्रशनं पातळ फेविकॉल लावा आणि चहाच्या गाळणीतून कोरडं कुंकू भुरभुरवा. थोड्या वेळानं कार्ड उभं धरून टिचकी मारा, जादा कुंकू खाली पडतं. कुंकू पाण्यात कालवू नका, रंग कागदावर पसरतो. मधला भाग हळदीचा करा. ओल्या हळदीत चिमूटभर चुना मिसळला, की ती लाल होते. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. कार्ड सावलीतच वाळवा, कारण उन्हानं हळद उडते. पाकिटात घालताना फुलावर बटर पेपर ठेवा.

एवढं सांगितलं, की माझं काम संपतं असं मला वाटायचं. आमच्या वर्गात एक मावशी येतात. त्यांनी अनेक वर्षं कुंकवाच्या पुड्या भरल्या आहेत. आम्ही चार चार वेळा गाळणी हलवतो, तर त्या एकदाच बोटं झटकतात आणि पाकळी सारखी लाल होते. एका जानेवारीत कार्डं पूर्ण झाली, मी यादी वाचून नावं घालू लागले. मावशी म्हणाल्या, “बाई, ह्यातलं एक मला देताल का? नुसतं ठेवायला.” मावशींचे यजमान गेले होते. म्हणून मी यादीत त्यांचं नाव घातलंच नव्हतं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझ्याच हातून, सवयीनं, ते गळलं होतं. सगळ्यांत सुरेख फुलं मात्र त्यांची होती.

पुढे ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं ठराव केला, की पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. या कामाचा आग्रह धरणारे प्रमोद झिंजाडे आमच्याच करमाळा तालुक्यातले. आपल्या मागे पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं. ते वाचलं आणि मला माझी यादी आठवली. ठराव ग्रामसभेत होतो, नावं मात्र घरी बसून घातली जातात.

आता आमच्या वर्गात आधी यादी होते आणि मग कागद कापले जातात. पहिलं कार्ड मावशींचं असतं. त्या हळदीकुंकवाला येतात. एखादी अजून कुजबुजते, नाही असं नाही. मावशी कुंकू लावून घेतात की नाही, हे त्या ठरवतात. आम्ही करंडा पुढे करतो, एवढंच.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा फुलं जरूर करून पाहा. भुसा गाळायच्या आधी मात्र यादी एकदा वाचा, आणि कुणाचं नाव गळलंय ते बघा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)