रात्रीचा एक चमचा : पोट साफ करणारं औषध नेमकं काय करतं?

आजचा विषय जरा लाजेचा आहे, म्हणून हेडफोन असेल तर लावा. नसेल तर तसंच ऐका, कारण ज्या घरात यावर कधी कुजबुज झाली नाही असं घर मी तरी पाहिलेलं नाही. आज बोलायचंय बद्धकोष्ठतेबद्दल, आणि तिच्यावर आपण जे चूर्ण किंवा गोळी घेतो त्याबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. पण हा विषय माझ्या घरात आला आणि मला तो नीट समजून घ्यावा लागला.

मागच्या दिवाळीत मी हिंजवडीहून साताऱ्याला घरी गेलो. बाबा ६४ वर्षांचे. जिना चढताना पायात त्राण नाही, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९. ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, औषधं कुठली चालू आहेत?"

बाबा म्हणाले, "बीपीची एक गोळी. बास."

मीही शेजारी बसून मान हलवली. डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "चूर्ण, काढा, पोटासाठी काही?"

"ते होय? ते काय औषध नाही हो. झोपताना चमचाभर चूर्ण घेतो. झाली दहा-बारा वर्षं."

घरी आल्यावर मी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. त्यात एक नाव होतं, स्वर्णपत्री. म्हणजे आपली सोनामुखी. इंग्रजी औषधांच्या दुकानात ज्या 'सेन्ना'च्या गोळ्या मिळतात, त्या याच झाडापासून बनतात. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची सोनामुखी तर जगभर प्रसिद्ध आहे. म्हणजे बाबा रोज रात्री एक खरंखुरं औषध घेत होते, फक्त मोजमाप डोळ्यांनी, आणि चमचा वर्षागणिक भरत चाललेला.

या औषधांना स्टिम्युलंट लॅक्झेटिव्ह म्हणतात, मराठीत उत्तेजक रेचक. सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट ही त्यातली नेहमीची नावं. एरंडेलही याच घरातलं.

आता हे काम कसं करतं ते बघू. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. जेवणातलं सत्त्व लहान आतड्यात आधीच शोषलं गेलेलं असतं. मोठ्या आतड्याकडे मुख्यतः दोन कामं उरतात, पाणी शोषून घेणं आणि उरलेलं पुढे ढकलणं. ढकलणं मंद झालं की मळ जास्त वेळ आत राहतो, जास्त पाणी शोषलं जातं, तो कडक होतो आणि मग आणखीच अडतो.

उत्तेजक रेचक या दोन्ही कामांत हात घालतं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं जाळं असतं. ते चाळवलं की आतडं जोरात आकुंचन पावतं आणि मळ पुढे सरकतो. पोटात कळ येते ती यामुळेच. दुसरं म्हणजे, पाणी आणि क्षार शोषणं कमी होतं, उलट ते आतड्यात सुटतात, आणि मळ मऊ होतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की सोनामुखीतलं द्रव्य गिळताना झोपलेलंच असतं. त्याला साखरेचे रेणू चिकटलेले असतात, म्हणून ते लहान आतड्यातून तसंच पुढे जातं. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती साखर तोडतात आणि तेव्हा कुठे औषध जागं होतं. म्हणून रात्री घेतलं की ६ ते १२ तासांनी, म्हणजे सकाळी काम होतं. रात्रीच का घ्यायचं, त्याचं कारण हे. बिसाकोडिलची गोळीही तेवढाच वेळ घेते. तिच्यावर खास आवरण असतं, म्हणून ती चावायची नाही आणि दूध किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घ्यायची नाही. नाहीतर आवरण पोटातच विरघळतं आणि मळमळ, पेटके सुरू होतात. तेच औषध गुदद्वारातून घ्यायच्या वडीने साधारण १५ मिनिटं ते तासाभरात काम करतं.

मग बाबांचं चुकलं कुठे? मी प्रोग्रॅमर आहे, मला त्यात एक न संपणारं लूप दिसलं. एकदा हे औषध घेतलं की मोठं आतडं बऱ्यापैकी रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोनेक दिवस लागू शकतात. दुसऱ्या दिवशी शौचाला होत नाही, कारण आत काही नाहीच. पण माणूस घाबरतो, "बघा, चूर्णाशिवाय होतच नाही." आणि पुन्हा चमचा. बाबांनी दहा वर्षं रिकाम्या आतड्यालाच बद्धकोष्ठ समजून औषध दिलं. त्याच्या जोडीला बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध. पोटॅशियम दोन्ही वाटांनी निघून जात होतं.

मुळात रोज सकाळी झालंच पाहिजे हा नियम शरीराचा नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. त्रास म्हणायचा तो कडक मळ, खूप कुंथावं लागणं, किंवा आठवड्यातून तीनपेक्षाही कमी.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ही औषधं वाईट. नाही. अफूच्या जातीची वेदनाशामकं, जसं ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन, आतडं मंद करतात. तिथे डॉक्टर बऱ्याचदा उत्तेजक रेचक सोबतच देतात. जुन्या बद्धकोष्ठतेत अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बिसाकोडिल आणि पिकोसल्फेटची ठाम शिफारस केली आहे, पण चार आठवड्यांपर्यंत किंवा अडल्या दिवसासाठी. आतड्याच्या नसा कायमच्या मरतात ही जुनी भीती, योग्य मात्रेत घेतलं तर, खरी असल्याचा चांगला पुरावा मिळालेला नाही. सहसा आधी इसबगोल पुरेशा पाण्यासोबत, मग आतड्यात पाणी धरून ठेवणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज, आणि त्यानंतर ही. थायरॉइड, लोहाच्या गोळ्या, असं मागे काही कारण आहे का तेही बघावं लागतं.

तरुण मंडळी, हे तुमच्यासाठी. वजन कमी करायच्या बऱ्याच 'डिटॉक्स' चहांत सोनामुखी असते. कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात, हे औषध त्याच्या पुढे काम करतं. काट्यावर जे घटतं ते पाणी, आणि त्यासोबत क्षार. पाणी प्यायलात की आकडा परत येतो.

आणि पोटात जोराची दुखी, उलट्या, वायूही सरत नाही, असं असेल तर रेचक अजिबात घेऊ नका, थेट दवाखाना गाठा. मळात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांवर चूर्णाने पांघरूण घालू नका. गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

बाबांचं काय झालं? डॉक्टरांनी पोटॅशियम भरून काढलं, बीपीची गोळी बदलली, चूर्ण हळूहळू कमी करून बंद केलं आणि त्याऐवजी इसबगोल दिलं. न्याहारीनंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून त्या वेळी निवांत बसायचं, कमोडवर असाल तर पायाखाली पाट घ्यायचा. पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. बाबांचे सकाळ-संध्याकाळ फोन. मी म्हणायचो, "बाबा, आत्ता भरतंय, थांबा जरा." चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. बाबांनी नुसतं एवढंच सांगितलं, "झालं रे."

प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता.

आज घरी फोन कराल तेव्हा "औषधं कुठली घेता?" एवढंच विचारून थांबू नका. "औषध नाही असं वाटणारं काय घेता?" हेही विचारा. डबा उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.